टेंपरवारी का होईना, पण हापिस!

नाही, पण मला एक सांगा, मी सल्ला मागितला होता का? कुणा एकाकडं तरी? मामानं दारात बसून चहा पिता पिता सांगितलं, की आमच्या हापिसात एक जागा निघालीय, आणि मी म्हटलं, "बघतो, जरा विचार करतो." बस्स! एवढंच बोललो हो. विचार करतो म्हणणं हा काय गुन्हा आहे? पण संध्याकाळच्या आत आमच्या अख्ख्या कॉलनीत झालं, की कुसाबाईच्या वाल्मीकला सरकारी नोकरी दारात चालून आली आणि तो येडा विचार करत बसलाय! नळावर गेलो तर बायका बघतायत. दाढी करायला गेलो तर न्हाव्यानं वस्तरा गळ्यावर ठेवला आणि तसाच थांबला, म्हणाला, "विचार कसला करता राव? टेंपरवारी का होईना, पण हापिस आहे ना!" आता गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय वाद घालणार? मी म्हटलं, "हो, आहे."

तुम्ही म्हणाल, असा कोण मोठा लागून गेला हा, की नोकरी आली तर विचार करतोय. तर तुम्हाला सांगतो, तुम्ही मला ओळखत नाही... पण ओळखता! ऐंशी-एक्क्याऐंशीत, म्हणजे गेल्या दोन सालांत, नाशकात असाल तर नक्कीच. टांग्यातनं आवाज यायचा बघा, "आला, आला, आला! नाशिककरांनो, आपल्या शहरात आला! वाघ पाहा, सिंह पाहा, मोटरसायकल चालवणारं अस्वल पाहा!" तो मी. अस्वल नाही, आवाज! शालिमारपासनं निघायचं, भद्रकाली, मेनरोड, रविवार कारंजा, पूल ओलांडून पंचवटी. पुढं केरू टांगेवाला, मागं भोंगा, मधे बॅटरी मांडीशी धरून मी. सर्कस म्हणू नका, सिनेमा म्हणू नका, दंतमंजन म्हणू नका. सोलापुरी चादरींचा सेल लागला की "आज शेवटचा दिवस! आज शेवटचा दिवस!" आणि तो शेवटचा दिवस चांगला महिनाभर चालायचा. केरूची घोडीसुद्धा अशी तयार झाली होती, की मी "नाशिककरांनो" म्हटलं की चौकात आपोआप थांबायची, आणि "त्वरा करा" म्हटलं की चालू पडायची.

चेहरा कुणाला ठाऊक नाही, आवाज सगळ्यांना. भाजी घ्यायला जावं, "मेथी कशी दिली?" म्हणावं, की मेथीवाली खालूनच, मान वर न करता, "सर्कसवाले ना तुम्ही?" सिन्नरच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला होता, "लय भारी आवाज हाय पोरा. माझी म्हैस हरवली, तेवढी पुकार ना." पुकारली हो! सापडली म्हैस! आता असं काम असल्यावर माणूस जरासा विचार करणार का नाही?

पण बरोबर आहे लोकांचं. मालक बोलावील तेव्हा काम, नाही बोलावलं तर घर. मालक कोण, तर बहिरूअण्णा. साऊंड सर्व्हिसच्या मालकाचं नाव बहिरू! आईबापांनी देवाच्या नावावरनं ठेवलेलं, पण इतकी वर्षं भोंग्याशेजारी काढून काढून माणसानं ते नाव अक्षरशः खरं केलेलं. आणि पावसाळा लागला की सगळंच बंद. सर्कस नाही, सेल नाही, पावसात घोडी निघत नाही, बॅटरीला प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं आणि दारात बसून पागोळ्या बघायच्या. तशात यंदा आमच्या सुलाला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण, माहेरी न्यायचं म्हणून सासरे नांदगावहून आले. शांत माणूस. जेवले, पान खाल्लं, आणि मला म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका, पण तुम्ही नक्की करता काय?"

म्हटलं, "बोलतो."

"ते सगळेच बोलतात हो. काम काय करता?"



आणि नेमकं त्याच आठवड्यात सहादूमामा ही जागा घेऊन आला. मामा त्या हापिसात शिपाई. हापिसाचं नाव घेत नाही, आहे असंच एक, शरणपूर रोडच्या बाजूला. तिथले आवक-जावकचे क्लार्क, कारभारी निकम, निकम भाऊसाहेब, न्हाणीघरात घसरले आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. म्हणजे आलेली पत्रं घेणारा आणि जाणारी पत्रं पाठवणारा माणूसच आडवा. मॅट्रिक झालेला पोरगा पाहिजे, तात्पुरता.

मी म्हटलं, "मामा, भाऊसाहेब बरे होऊन परत आले की?"

"मग तू घरी."

"म्हणजे त्यांचा पाय बरा होऊ नये अशी मी आशा करायची?"

"छे छे, असं म्हणू नये," मामा म्हणाला. "पण भाऊसाहेब, घाई करू नका, असं म्हणायला काय हरकत आहे?"

वर आणखी गंमत ऐका. ती ऑर्डरही सलग नाही. महिना भरत आला की एक दिवस घरी बसवायचं, आणि मग पुन्हा नवी ऑर्डर. मी विचारलं, तो मधला एक दिवस कशाला? मामा म्हणाला, "म्हणजे तुला कायम आहोत असं वाटू नये म्हणून." मी म्हटलं, मला तर बाकीचे दिवसही तसं वाटणार नाही, त्यासाठी वेगळा दिवस कशाला काढता? आई आतनं ओरडली, "अरे फाटे कशाला फोडतो? टेंपरवारी का व्हईना, पण हापिस हाय ना! डोक्यावर पंखा हाय! तुझा बाप सगळा जन्म उन्हात मेला रे. एक दिवस तरी पंख्याखाली बस अन् मला येऊन सांग कसं वाटतं."



बहिरूअण्णांकडं गेलो. ओरडून सांगितलं, "अण्णा, नोकरी आलीय!"

"खाऊन आलो," अण्णा म्हणाले. "तू खा."

"भाकरी नाही, नोकरी! हापिसात! टेंपरवारी!"

हे सगळं तुम्हाला सांगतो अख्ख्या गल्लीला कळलं, समोरच्या शिंप्याला कळलं, शेवटी अण्णांना कळलं. अण्णा हातातला माईक फडक्यानं पुसत बसले. मग म्हणाले, "जा. मी अडवायचो नाही. पण माईक मी रिकामा ठेवत नसतो वाल्मीक. धंदा आहे. आपला भोंगे बांधणारा वाळू आहे, त्याला बसवीन टांग्यात. उद्या तू परत आलास आणि जागा असली, तर ये. नसली तर मला बोल लावू नको." आणि मग, मी निघालो तर पाठीमागनं, "टेंपरवारी का होईना, पण हापिस आहे, जा!" एवढ्या मोठ्यानं की शिंपी बाहेर आला.

केरूला विचारलं, तर तो म्हणाला, "घोडीला काय सांगू?"

राहिली सुला. आता गंमत बघा, सगळ्या जगानं मला सांगितलं काय करावं ते, आणि ही एकटी अशी निघाली की तिनं मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" झाली ना पंचाईत! मला काय वाटतं हे मलाच कुठं ठाऊक होतं? मी म्हटलं, मला टांगा आवडतो. म्हणाली, "ते मला माहीतच आहे." मग कपड्यांच्या घड्या घालत राहिली. नांदगावला न्यायची ट्रंक भरत होती. आणि मान खाली घालून म्हणाली, "तिकडं बायका विचारतील, तुझा नवरा काय करतो. मी दर वेळी लांबलचक सांगत बसते, की टांगा असतो, त्यात माईक असतो... आणि मग त्या हसतात. मला फक्त एक शब्द पाहिजे. हापिसात. एवढाच एक. टेंपरवारी का होईना."

ह्याच्यापुढं माणूस विचार काय करणार? माझा विचार तिथं संपला. सुला सासऱ्यांबरोबर नांदगावला गेली आणि सोमवारी मी हापिसात गेलो.

पहिला दिवस सांगू? दारात उभा राहिलो आणि अगदी नम्रपणे म्हटलं, "आत येऊ का साहेब?" झालं! खिडकीतली कबुतरं उडाली. टायपिस्टबाईंनी दचकून कागदच फाडला. कपाटामागं कुणीतरी झोपलेला होता, तो "हजर!" म्हणून उठला. आणि साहेब, मान वर न करता हं, फाईलमध्येच बघत, "हे ऑफिस आहे. बाजार नाही. हळू बोला."

आता हळू म्हणजे किती हळू? मला हळू बोलायची सवयच नाही हो! माझं हळू म्हणजे रविवार कारंजापुरतं. बरं, काम असं, की दिवसभर तोंड उघडायची गरजच नाही. आलेल्या पत्रावर शिक्का, जाणाऱ्या पत्रावर शिक्का. आलेलं पत्र कुठं जातं, तर साहेबांच्या टेबलावर. जाणारं कुठनं येतं, तर साहेबांच्या टेबलावरनं. साहेबांनी मला कधी बघितलंच नाही. माझे हात बघितले. मी पत्रं पुढं सरकवणार, ते सही करणार, परत सरकवणार. रस्त्यात नुसते हात दाखवले असते तर साहेबांनी ओळख दिली असती मला.

आणि काय सांगू, आवाज जायला लागला. हसू नका, खरंच! आधी कुजबुजत बोलायला शिकलो, मग ते कुजबुजणं घरी यायला लागलं. आईला म्हणायचो, "पाणी दे," आई म्हणायची, "काय म्हनतो?" पुन्हा म्हणायचो, पुन्हा "काय म्हनतो?" शेवटी उठून स्वतःच घ्यायचो. आई शेजारच्या शकुबाईला सांगताना मी ऐकलं, "पोराला पंखा बाधला बाई. वारं लागलं घशाला." आणि शकुबाई काय म्हणाली असेल? बरोबर! "लागू दे गं. टेंपरवारी का होईना, पण हापिसाचं वारं आहे!"

एकदा दुपारी खिडकीखालनं टांगा गेला. आमचाच. वाळू बसलेला. आता वाळू माणूस चांगला आहे, पण देवानं त्याला आवाज असा दिलाय, की त्यानं चादरींचा सेल पुकारला तरी माणसं दारात येऊन विचारायची, कोण गेलं? तो आपला सुतकी सुरात, "नाशिककरांनो..." म्हणाला, आणि घोडी थांबली नाही. चौकातनं तशीच पुढं गेली. मी तिथं शिक्का हातात घेऊन उभा, आणि तुम्हाला सांगतो, कुणाला सांगू नका, पण मला बरं वाटलं.

असा श्रावण गेला. भाऊसाहेबांचं प्लास्टर निघालं म्हणून बातमी आली, पण डॉक्टरांनी आणखी थोडे दिवस बसून राहा म्हणून सांगितलंय, असंही कळलं. मी आपला सुटकेचा श्वास टाकला आणि मग लाज वाटून आत ओढून घेतला.

आणि भाद्रपदात पूर आला.

वर त्र्यंबककडं दोन-तीन दिवस नुसता धो धो लागलेला. दुपारी हापिसात फोन आला, की धरणातनं पाणी सोडतायत, नदीकाठची वस्ती उठवा. साहेबांनी फोन ठेवला आणि विचारलं, "माईकवर कोण बोलू शकेल?" सगळ्या हापिसानं मान खाली घातली. आणि दारातनं सहादूमामा म्हणाला, "साहेब, आमचा वाल्मीक."

साहेबांनी वर न बघता विचारलं, "वाचता येतं ना त्यांना? पुरे." आणि एक कागद माझ्या हातांच्या दिशेनं सरकवला.

जीपमध्ये बसलो. किती दिवसांनी माईक हातात आला! ड्रायव्हर नदीकडं निघाला. आता तुम्हाला ती वस्ती सांगतो. पुलाच्या खालच्या अंगाला झोपड्या होत्या, केरू नेहमी तिथं घोडीला पाणी पाजायला थांबायचा, आणि चिमणाबाई म्हणून होती, शेळ्या पाळायची, ती आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा द्यायची. सगळी ओळखीची माणसं. मी कागद उघडला आणि वाचायला लागलो, "तमाम नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, नदीपात्रातील जलपातळीत वाढ होण्याचा संभव असल्याकारणाने सखल भागातील रहिवाशांनी योग्य ती दक्षता घ्यावी..."

आवाज कसा लागला सांगू! खणखणीत! एवढे दिवस कोंडून ठेवलेला सगळा बाहेर आला. आणि लोक आले की हो बाहेर! पोरं नाचत जीपमागं धावायला लागली, "सर्कस आली! सर्कस आली!" एक बाई दारातनंच हात हलवते, "नको बाबा, चादरी परवाच घेतल्या." एक जण आत बघून म्हणतो, "शेवटचा दिवस म्हनतोय का? मग बस. अजून म्हैनाभर हाय." आणि चिमणाबाई बाजेवर बसून शांतपणे लसूण सोलतेय! मी जीपमधनं हात करतोय, तर म्हणते कशी, "ये रे, च्या ठेवते. बऱ्याच दिसांनी आला."

"मावशी, पाणी येतंय!"

"येऊ दे. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला तरी लागलं का अजून? कंबरेला लागलं की आमी उठतो. दर साली तसंच करतो."

मी मागं वळून बघितलं. पाण्याचा रंग बदलला होता. एकदम गढूळ लाल, आणि वर झाडांच्या फांद्या, अख्ख्या फांद्या गरागरा फिरत येतायत. आवाजही वेगळा होता नदीचा, खालनं घुमल्यासारखा. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? माझ्या आवाजात लोकांना सिंह दिसतो, अस्वल दिसतं, चादर दिसते. पाणी काही केल्या दिसत नाही! इतकी वर्षं कमावलेला आवाज, आणि आज, जेव्हा खरं बोलायचंय, तेव्हा कुणी उठेना. पुन्हा वाचलं मी, "योग्य ती दक्षता घ्यावी!" एक म्हातारा शेजारच्याला विचारतोय, "दक्षता पिच्चर कुठल्या टाकीला लागलाय?"

मग मी तो कागद सोडून दिला. टाकला नाही, सुटला म्हणा. आणि माईकमध्ये ओरडलो, "चिमणाबाई, ऊठ! तुझ्या शेळ्या सोड! आधी शेळ्या सोड! भागीबाई, सासऱ्याला पाठीवर घ्या, सामान राहू द्या! चुलीतलं जळण काढू नका, तसंच निघा! वर शाळेत जा! चिमणाबाई, मी वाल्मीक बोलतोय, चहा नको मला, ऊठ!"

आणि काय झालं माहीत आहे? नाच थांबला पोरांचा. सगळी वस्ती एकदम उभी राहिली. कारण जाहिरातीत कुणी कधी नाव घेतं का हो? सर्कशीनं कधी भागीबाईला हाक मारलीय? नाव घेतल्याबरोबर लोकांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मग मी बघत होतो तिकडं, नदीकडं बघितलं. लसूण सगळा सांडला चिमणाबाईचा. शेळ्या पुढं, माणसं मागं. मी नावं घेत राहिलो, जेवढी ठाऊक होती तेवढी, ज्यांची ठाऊक नव्हती त्यांना "ए लाल लुगडंवाली, ए कोंबड्यावाला बाबा," आणि ड्रायव्हर बिचारा खाली उतरून म्हातारी माणसं जीपमध्ये घालत होता. शेवटची माणसं शाळेच्या पायऱ्या चढली, आणि मागं वळून बघितलं तर चिमणाबाईची बाज पाण्यावर तरंगत निघाली होती. थोड्या वेळानं झोपड्याच दिसेनात. मारुतीचं तर डोकंच तेवढं वर राहिलं होतं. पण माणूस एकही गेला नाही. एकही नाही. चिमणाबाई शाळेच्या वऱ्हांड्यात शेळीच्या गळ्यात हात टाकून रडत होती, आणि मला म्हणाली, "माझं नाव तुझ्या ध्यानात व्हतं रे..." आणि माझा घसा पार बसलेला. नुसती मान हलवली.

ओलाचिंब परत आलो. साहेब फाईलमध्ये. "झालं का वाचून?"

मी कुजबुजलो, "झालं." आता खरंच कुजबुजण्यापलीकडं काही उरलं नव्हतं.

"छान. तो कागद द्या, फाईलला लावायचाय."

"कागद वाहून गेला, साहेब."

"वाहून गेला?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मंजूर मजकूर होता तो! कसं काम करता तुम्ही लोक?"

बोला आता! माणसं वाचली ते राहिलं, मजकूर गेला!

पुढं सांगतो. पाणी ओसरलं, आणि इकडं निकम भाऊसाहेबांचा पाय बरा झाला. आले बिचारे काठी टेकत. म्हणजे माझी ऑर्डर संपली. त्याच दिवशी नांदगावहून तार, मुलगी झाली, दोघी खुशाल. धावत गेलो. सुला बाजेवर, कुशीत ही एवढीशी पोरगी. बाळाला बघायला बायका येत होत्या, आणि प्रत्येक जण विचारत होती, बाळाचे वडील काय करतात. सुला इतक्या रुबाबात सांगत होती, "हापिसात!" आणि मी कोपऱ्यात बसलेलो, काल सकाळपासनं घरी बसलेला माणूस. काय सांगू तुम्हाला, तिला तो एक शब्द इतका शोभत होता, की मी तोंडच उघडलं नाही. नंतर सांगितलं. तेव्हा म्हणाली, "असू द्या. मला सांगून झालं होतं."

नाशकाला येऊन अण्णांकडं गेलो. टांग्यात वाळू बसलेलाच होता, त्याला कसा उठवणार? त्याचंही पोट आहे. अण्णा म्हणाले, "सभासमारंभ असला तर तू, रस्ता वाळूचा." म्हणजे आधी रोजंदार होतो, आता अर्धा रोजंदार झालो.

आणि पहिलंच काम कुठलं आलं असेल? पूरग्रस्तांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा जाहीर सत्कार! मी स्टेजवर माईकपाशी उभा, आणि माझ्या हातात सूत्रसंचालनाचा कागद. वरच्या हापिसानं विचारलं होतं, की नदीकाठची वस्ती कुणी उठवली? खालच्या हापिसानं कळवलं, की आवक-जावक लिपिकानं. आणि आवक-जावक लिपिक कोण? बरोबर! कारभारी निकम! टेंपरवारी माणसाचं नाव कुठं असतं हो? नाव पोस्टावर असतं, मी फक्त त्या पोस्टावर बसलेलो.

मी वाचलं. काय करणार, माझं कामच ते. "आपल्या जिवाची पर्वा न करता, रोरावत्या पुरात उभे राहून, शेकडो जीव वाचवणारे... श्री. कारभारी निकम!" आणि असं म्हटलं हो मी, असा सूर लावला, की लोकांच्या अंगावर काटा! भाऊसाहेब काठी टेकत, लंगडत लंगडत स्टेजवर आले. लोकांनी बघितलं मात्र, सगळा मंडप उभा राहिला, टाळ्यांचा कडकडाट! बायका पदर डोळ्याला लावतायत, "पुरात पाय गेला गं बिचाऱ्याचा!"

भाऊसाहेब चांगले गृहस्थ. घाम फुटला त्यांना. माझ्याजवळनं जाताना हळूच म्हणाले, "वाल्मीक, मी काय करू रे? मी दोनदा सांगितलं यांना. म्हणतात, आता पत्रिकेवर नाव छापून आलंय."

मी माईकवर हात ठेवून म्हटलं, "भाऊसाहेब, हार जरा वाकून घ्या. फोटो चांगला येतो."

तेवढ्यात पुढच्या रांगेतनं कोण उठावं? चिमणाबाई! वस्तीला मुद्दाम आणून पुढं बसवलं होतं. कमरेवर हात ठेवून म्हणते, "ओ! हा बाबा कोण हाय? मला तर त्या माईकवाल्यानं हाक मारली व्हती!"

सगळा मंडप माझ्याकडं बघायला लागला. आणि मी... हसाल तुम्ही मला, पण माईक हातात असला की मी मी नसतोच हो. मी म्हटलं, "कृपया शांतता राखावी. कार्यक्रम चालू आहे. चिमणाबाई, खाली बसा."

बसली ती. तिला माझा आवाज ऐकायची सवय झाली होती ना!

कार्यक्रम संपला, मी वायरी गुंडाळत होतो, तर साहेब स्वतः चालत आले. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं त्यांनी. बघत राहिले. म्हणाले, "आवाज फार चांगला आहे हो तुमचा. आमच्या ऑफिसला असा माणूस हवा. एक जागा निघतेय. टेंपररी का होईना, पण ऑफिस आहे. बघा, विचार करा."

मी म्हटलं, "साहेब, घरी विचारून सांगतो."

पण अजून विचारलेलं नाही. सुला परवाच बाळाला घेऊन आलीय, विचारायला म्हणून जवळ जातो आणि बाळालाच खेळवत बसतो. आणि आईला तर मुळीच सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणी आमच्या कॉलनीतनं गेलात, तर हात जोडून सांगतो, यातलं चकार शब्द काढू नका. कारण ती बाई मला विचारायची नाही, की बाबा तू काय ठरवलंस... ती सरळ उठून डबा भरायला घेईल!